आज किती?

गेल्या जुलैतली गोष्ट. सकाळी चहा ठेवताना फोन उघडला, तर आमच्या चौघींच्या ग्रुपवर रात्रीतून बोलणं होऊन गेलं होतं. इंग्लंडमधल्या मैत्रिणीने लिहिलं होतं, ‘आज पारा ३३. तीन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा नाही.’ त्याखाली दुबईवालीचं उत्तर, ‘३३? आमच्याकडे पहाटे चारला असतं गं एवढं!’ आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मग इंग्लंडहून आणखी काहीतरी आलेलं, पण त्या जागी आता फक्त ‘हा मेसेज हटवला आहे’. आणि सगळ्यात खाली, ‘चला, स्वयंपाक राहिलाय.’ रुसवा नाही, वाद नाही. दुबईवाली मनाने फार निर्मळ आहे, आणि इंग्लंडवालीला ते शाळेपासून ठाऊक आहे. तरी ती हटवलेली ओळ दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. बाहेर पावसाची झड लागलेली, शाळेच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्यांची रांग, सातवीचा वर्ग दमट कपड्यांच्या वासाने भरलेला, आणि फळ्यावर लिहिता लिहिता माझ्या मनात एकच, काय लिहिलं असेल तिने? स्वयंपाकाची घाई असलेली बाई लिहिलेलं पुसत बसत नाही.

आम्ही चौघी अकोल्याच्या. एका शाळेच्या, पुढे एकाच कॉलेजच्या. मी इथेच राहिले. एक लग्न होऊन मेलबर्नला गेली, एक दुबईला, आणि एक नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडमध्ये रेडिंगला. नकाशावर कोणी कुठे असो, घड्याळात मी बरोबर मध्ये आहे. आपल्याकडे मे महिना असतो तेव्हा मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे असतं आणि इंग्लंड साडेचार तास मागे. डिसेंबरपर्यंत त्या दोघींकडची घड्याळं सरकवली जातात आणि अंतर होतं साडेपाच आणि साडेपाच. मार्च-एप्रिलच्या वळणावरचे थोडे दिवस आणि ऑक्टोबरातले तीन-चार आठवडे सोडले, तर हा तोल वर्षभर ढळत नाही. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं. मधल्या सुट्टीत साडेबाराला मी डबा उघडते, तेव्हा मेलबर्नची ऑफिस आवरत असते, इंग्लंडची मुलांच्या मागे ‘दूध संपव, बूट घाल’ करत असते, आणि दुबईवालीची सकाळची कामं उरकलेली असतात. आमच्या गप्पांची वेळ तीच.

आणि गप्पा कसल्या, तर हवेच्या. ‘आज किती?’ एकीने विचारायचं आणि तिघींनी आकडे टाकायचे. कॉलेजात असताना आमच्याकडे विषय उतू जायचे. आता चाळिशी ओलांडल्यावर कळतं की बरेचसे विषय हळूहळू अवघड होऊन बसलेत. पगार बोलायची सोय नाही, कारण चार देशांची चार चलनं आणि प्रत्येकीची मनातल्या मनात गुणाकाराची सवय. मुलांचे मार्क नकोत. सासरचं बोललं तर कोणाचं तरी जुनं दुखणं उघडं पडतं. राजकारण तर आम्ही ठरवून बाजूला ठेवलंय. उरतं ते ऊन, वारा, पाऊस. काल आंब्याचा रस केला होता का, गच्चीवर कुरडया घातल्या का, तिकडे झाडांना पानं फुटली का. या गोष्टींत कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. एकीच्या उन्हाने दुसरीचं काही कमी होत नाही. निदान मी तरी असं समजत होते.

मे महिन्यात सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे असतं. संध्याकाळच्या बातम्यांत राज्यातलं सर्वाधिक तापमान म्हणून अकोल्याचं नाव येतं, आणि ते ऐकताना, का कोण जाणे, थोडा अभिमानही वाटतो. २०२४च्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने चक्क उन्हापायी १४४ कलम लावलं. दुपारचे शिकवणी वर्ग बंद, कामाच्या जागी पाणी आणि पंखे ठेवायची सक्ती. मेलबर्नवालीला ते खरंच वाटेना, मी पेपरचं कात्रण पाठवलं तेव्हा तिचा विश्वास बसला. मग तिघींचं सुरू झालं. दुपट्टा बांधून जातेस ना? खिशात कांदा ठेवतेस ना? पन्हं केलंस का? या सूचना आमच्या आयांनी आम्हाला केलेल्या, शब्दही तेच. आणि त्या आता तीन देशांतून, जिथे कांदा खिशात ठेवून कोणी घराबाहेर पडत नाही अशा ठिकाणांहून, माझ्याकडे परत येतात.

मग त्यांना हवा असतो कूलर. म्हणजे कूलरची बातमी. एप्रिल लागला की गच्चीच्या खोलीतून कूलर खाली आणायचा, ट्रेचा गंज खरवडून रंगाचा हात द्यायचा, मोटर चालते का पाहायची, आणि मागच्या वर्षीच्या ताट्या काढायच्या. आमच्याकडे काटेपूर्णा धरणाचं पाणी रोज येत नाही, त्यामुळे कूलरला बोअरचं पाणी, आणि त्या पाण्याने ताट्यांवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर चढलेला असतो. हातात घेतल्या की कडकड मोडतात. नव्या वाळ्याच्या ताट्या बसवून पहिली बादली ओतली की काही क्षण काहीच होत नाही. पाणी वरून झिरपत झिरपत खाली येतं, वाळ्याचा रंग गडद होत जातो, आणि मग तो वास येतो. मी दरवर्षी त्या क्षणाचा व्हिडिओ काढून पाठवते. वास जात नाही हे माहीत असूनही तिघी लिहितात, ‘आला, आला.’ मागे एकदा मेच्या रात्री मेलबर्नवालीने, तिकडे थंडी सुरू झालेली असताना, मला म्हटलं, ‘फोन जरा कूलरजवळ धर.’ मी धरला. मोटरची घरघर, आत पाण्याची टपटप, मध्येच पात्याचा एक खडखडाट. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ‘डाव्या बाजूला पाणी कमी पडतंय तुझ्या. जाळी साफ कर.’ खरंच तुंबली होती.

तिला कळणारच, कारण तिच्या घरावरही कूलर आहे. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी फार खूश झाले होते. तिने कौलांवर बसवलेल्या एका करड्या डब्याचा फोटो पाठवला. आत तीच ओली भिंत, तोच पंखा, फक्त गार हवा नळकांड्यांतून छताच्या आतून खोल्याखोल्यांत जाते. मेलबर्नमध्ये असे कूलर पुष्कळ घरांवर असतात. कारण सरळ आहे, तिथला उन्हाळा आपल्या विदर्भासारखा कोरडा. कोरडी हवा ओल्या ताटीतून जाताना पाणी उचलते आणि स्वतःची उष्णता देऊन बसते. मुंबईत हे जमत नाही, हवा आधीच पाण्याने जड असते. आणि कूलर चालू असताना खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर घर ओलंचिंब होतं, हे तिने तिथल्या शेजारणीला जाऊन सांगितलं म्हणे. त्या शेजारणीला ते आधीच माहीत होतं. फेब्रुवारीत तिकडे उत्तरेकडून, देशाच्या आतल्या वाळवंटी भागाकडून वारा सुटला की पारा चाळिशी पार करतो. मग दुपारनंतर कधीतरी दक्षिणेच्या समुद्रावरून गार वारा घुसतो आणि तासाभरात १५-२० अंश उतरतात. तिचे मेसेज त्या दिवशी एकापाठोपाठ एक येतात. ‘४१.’ ‘४०.’ ‘दारं आपटली.’ ‘२३!’ आम्ही तिघी इथे ते वाचून सुस्कारा सोडतो. पण काही दिवस असे की वाऱ्याबरोबर रानातल्या वणव्याचा धूर येतो. तेव्हा कूलर बंद करावा लागतो, कारण तो बाहेरचीच हवा आत ओढतो. ७ फेब्रुवारी २००९ला मेलबर्नचा पारा ४६.४वर गेला होता आणि त्याच दिवशीच्या वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसं गेली. ती तिकडे गेली त्यानंतर काही वर्षांनी. पण उत्तरेचा वारा सुटला की तिथली जुनी माणसं अजून कशी गप्प होतात, ते तिने मला एकदा सविस्तर सांगितलं होतं. त्या दिवशी तिने आकडा टाकला नव्हता.

दुबईचं निराळंच. तिथे जून ते सप्टेंबर थंड पाण्याच्या नळाला गरम पाणी येतं, गच्चीवरची टाकी तापून तापून. त्यामुळे ती उन्हाळ्यात गीझर बंद ठेवते. गीझरच्या टाकीतलं पाणी घराच्या एसीत निवतं, आणि ते थंड पाणी म्हणून अंघोळीला वापरायचं. गाडीतून उतरली की चष्म्यावर क्षणात धुकं, बाहेर हवा इतकी दमट. पण तिचं सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे, तर दुपारच्या साडेबारा ते तीनकडे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात त्या वेळात उघड्यावर काम करायला तिथे कायद्याने बंदी आहे, आणि तिचा नवरा बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर. बाकीचे तास साइट चालूच असते. तो घरी येतो तेव्हा शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असतात, आणि साइटवरच्या आपल्याकडच्या पोरांपैकी कोणाला चक्कर आली, ते तो जेवताना सांगतो. ती अकोल्यातल्या आपल्या आईवडिलांना खरा आकडा कधी सांगत नाही, चार-पाच अंश उतरवून सांगते. ग्रुपवर ती सगळ्यात जास्त हसते. इतक्या वर्षांत मला वाटायला लागलंय की हसली नाही तर तिला तिथला ऑगस्ट काढता येणार नाही. म्हणून त्या रात्रीच्या तिच्या उत्तराचा मला राग आला नाही. तिच्या अंगणात ३३ म्हणजे खरोखरच पहाट.

शाळा सुटल्यावर मी इंग्लंडला फोन लावला.

तिची आई तिच्याकडे गेलेली होती, हे आम्हाला माहीत होतं. काकूंचा तो पहिलाच परदेश. लेकीने त्यांना घरातली सगळ्यात चांगली खोली दिली होती, अगदी वरची, छपराखालची. शांत, उजेडाची, खिडकीतून चर्चचा मनोरा दिसणारी. तिथली घरं बांधलीच आहेत ऊब धरून ठेवायला. जाड विटा, छतात ऊब अडवणारे थर, जमिनीवर गालिचा, पंखा नाही, पंख्याला हूकही नाही. रात्री साडेनऊपर्यंत उजेड. दिवसभर तापलेलं घर रात्री निवायच्या आत पुन्हा सूर्य वर. पहिल्या दिवशीची उष्णता दुसऱ्या दिवशी घरातच असते, तिच्यावर तिसऱ्या दिवसाची चढते, आणि सगळी वरच्या खोलीत जाऊन बसते. लेक विचारायची, ‘आई, गरम होतंय का गं?’ काकू म्हणायच्या, ‘हे काय ऊन होय का माय? अकोल्याची हाओ मी.’ आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. ४६ पाहिलेल्या बाईने ३१-३३ची तक्रार काय करायची? शिवाय रात्री पाणी पिणं त्यांनी बंद केलं होतं, हे नंतर कळलं. बाथरूम खालच्या मजल्यावर, जिना उभा आणि गालिच्याचा, अंधारात पाय घसरायची भीती. रक्तदाबाच्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध. चौथ्या दिवशी सकाळी त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेल्या सापडल्या, कातडी कोरडी, बोलणं थोडं असंबद्ध. दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, एक रात्र ठेवून घेतलं. मैत्रिणीने आदल्या संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं होतं ते असं, ‘आई दोन दिवस नीट जेवत नाहीये, मला भीती वाटते.’ लिहिलं, वरचे हसरे चेहरे पाहिले, आणि पुसलं. ‘मलाच वाटलं, मी उगाच घाबरतेय,’ ती म्हणाली. ‘३३ला कोणाला काय होतं?’

होतं, हे मला त्यानंतर कळत गेलं. १९ जुलै २०२२ला इंग्लंडमध्ये लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबी इथे ४०.३ नोंदलं गेलं. त्या देशात पारा चाळिशीपार जायची ती पहिलीच वेळ. जगभर बातमी झाली होती, रूळ फाकतील म्हणून गाड्या हळू चालवत होते, आणि आम्ही तिघींनी रेडिंगला रांगेने फोन केले होते. त्या उन्हाळ्याच्या तापलेल्या दिवसांत इंग्लंडमध्ये ६५च्या वरची सुमारे २,८०० माणसं नेहमीपेक्षा जास्त गेली, असा तिथल्या आरोग्य खात्याचा अंदाज. २००३च्या ऑगस्टात फ्रान्समध्ये जवळजवळ १५ हजार माणसं उन्हाने गेली. कितीतरी म्हातारी माणसं पॅरिसमध्ये वरच्या मजल्यांवरच्या लहान खोल्यांत एकटी होती. मुलं सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, डॉक्टरही सुट्टीवर. त्यानंतर तिथे कायदाच झाला. गावोगावच्या नगरपालिकेने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवायची आणि उष्णतेचा इशारा आला की त्यांना फोन करायचा. कसे आहात, पाणी प्यायलात का, खिडकी झाकली आहे का. सरकारी माणसाने फोन करून हवापाणी विचारायचं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या ग्रुपची फार आठवण आली, आणि थोडा वेळ पुढे वाचवेना.

कारण माझ्याही वाट्याला तो फोन आलेला आहे. बाबा आजारी होते त्या एप्रिलमधली गोष्ट. दवाखान्याच्या बाकावर बसलेले असताना ग्रुपवर नेहमीसारखं ‘आज किती?’ आलं. मी ‘४३’ असं लिहून फोन ठेवला. दहा मिनिटांत मेलबर्नहून फोन. ‘काय झालं?’ मी म्हटलं, काही नाही, तुला का वाटलं? ती म्हणाली, ‘तू दशांश लिहिला नाहीस.’ मी नेहमी ४३.२ लिहिते, ४३.७ लिहिते. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. दवाखान्याच्या त्या कॉरिडॉरमध्ये, फिनेलच्या वासात, आतून सिस्टरचा आवाज येत असताना मी तिला सगळं सांगितलं, जे तोवर घरातही कोणाला नीट सांगितलं नव्हतं. ती काही फार बोलली नाही. तिकडे संध्याकाळ होती, मागे तिच्या मुलांची भांडणं ऐकू येत होती. बाबा पुढच्या महिन्यात गेले. तेव्हापासून मी त्या तिघींचे आकडे फार बारकाईने वाचते. कधी उशिरा आला, कधी नुसताच आला, कधी आकड्याशिवाय ‘बरं आहे’ आलं. हवेच्या गप्पा मारणारी माणसं वरवरची असतात असं कोणी म्हटलं की मला ते मनापासून पटत नाही. पण हेही खरं की या गप्पांत लपायला फार सोपं जातं. आम्ही चौघी आलटूनपालटून त्यात लपलेल्या आहोत.

काकूंचं कळलं तेव्हा दुबईवाली खूप रडली. इंग्लंडवाली तिला समजावत होती आणि ती ऐकत नव्हती. तिने तिकडे बसून रेडिंगच्या पत्त्यावर टेबल फॅन मागवला, कारण इंग्लंडवालीच्या आसपासच्या दुकानांतले सगळे संपले होते. तो पोचेपर्यंत तिथे पाऊस पडून १९ झालेलं होतं. तरी काकूंनी तो लावायला लावला आणि समोर बसून फोटो काढून घेतला, अंगात स्वेटर. दुबईवालीला तो फोटो हवा होता, ती आता तो दर काही दिवसांनी ग्रुपवर टाकते. आणि ग्रुपवर एक बदल झाला आहे, कोणी न ठरवता. आता नुसता आकडा विचारत नाही आम्ही. घरात किती, रात्री किती, झोप लागली का, असं विचारतो. मेलबर्नवालीने तर घरातला पारा मोजायचं छोटं यंत्रच तिघींना पाठवलं. माझं स्वयंपाकघरात आहे, फोडणीच्या वेळी त्यावर काय दिसतं ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

काकू ऑक्टोबरात परत आल्या. परवा शाळेतून येताना त्यांच्याकडे गेले, तर कूलरच्या ताट्या बदलणारा मुलगा आलेला आणि काकू त्याच्यामागे उभ्या राहून सूचना देत होत्या. त्यांच्या फोनवर आता रेडिंगची हवा सेव्ह करून ठेवली आहे. अकोल्याचा ४२ दाखवणारा आकडा त्या बघतही नाहीत. ‘तिथं आज १४ आहे,’ मला पाणी देता देता म्हणाल्या, ‘पण जूनचं काय?’ मग आतून एक गाठोडं घेऊन आल्या. आपल्याकडे गच्चीवर, रोपांवर बांधतात ती हिरवी जाळी, जनता भाजी बाजारातून आणलेली, दुहेरी करून शिवलेली, चारही कोपऱ्यांना मजबूत नाडे. पडदा आतून लावून उपयोग नाही, ऊन काचेच्या बाहेरच अडवलं पाहिजे, हे त्यांना इंग्लंडमधल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, चाळीस वर्षांच्या अकोल्याने शिकवलं होतं. वरच्या खोलीच्या खिडकीचं माप त्यांनी येतानाच दोऱ्याने घेऊन ठेवलं होतं. लेक म्हणते, इथे खिडकीबाहेर असं बांधू देतील की नाही कोण जाणे. काकू म्हणतात, आधी पोचू तर दे. कुरिअरवाला वजनाचे फार सांगतो, म्हणून जूनच्या आत तिकडे जाणारं ओळखीचं कोणी मिळतंय का, ते मी सध्या शोधते आहे. वजन दीड किलो, घडी केली की हँडबॅगेत बसते.